अंगावरचं दूध 'पातळ' कसं ठरलं

बाळ चार महिन्यांचं झालं आणि वजन जरा मंदावलं की ठाण्यात काय नि पनवेलला काय, एकच डायलॉग ऐकू येतो, "दूध पातळ आहे गं तुझं, वरचं चालू कर." याला दीडशे वर्षांची पार्श्वभूमी आहे आणि गंमत म्हणजे त्यात दुधापेक्षा बाळाची वाढ मोजायच्या तक्त्याचा दोष जास्त.

पातळ तर ते असतंच. साधारण 87 टक्के पाणी, प्रोटीन जेमतेम 1 टक्का, गाईच्या दुधात त्याच्या तिप्पट. 19व्या शतकाच्या शेवटी शरीरक्रियाशास्त्रज्ञ गुस्ताव फॉन बुंगे यांनी वेगवेगळ्या प्राण्यांच्या दुधातलं प्रोटीन आणि पिल्लांची वाढ शेजारी शेजारी मांडली तर दिसलं की वासराचं जन्माचं वजन दीडेक महिन्यात दुप्पट होतं, सशाच्या पिल्लाचं आठवड्याच्या आत, माणसाच्या बाळाला पाचसहा महिने लागतात, म्हणजे ज्याला हळू वाढायचंय त्याचं दूधही तसंच.

त्याआधीच 1860 च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी गव्हाचं पीठ, माल्ट, गाईचं दूध आणि पोटॅशियम बायकार्बोनेट मिसळून आईच्या दुधाला पर्याय काढला होता. आकडे जुळवले की झालं, असा तो काळ! पण आईचं दूध एकसारखं नसतंच, आधी चीक, पुढे एकाच पाजण्यात सुरुवातीला पाणचट आणि शेवटी जास्त फॅटवालं, त्यामुळे वाटीत पिळून बघणाऱ्यांनी बहुतेक सुरुवातीचंच बघितलेलं असतं.

मग दुसरा आरोप, आई नीट जेवत नाही म्हणून दूध निकस. 1950 च्या दशकात पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी गरीब घरांतल्या बायकांचं दूध तपासलं, प्रोटीन फारसं कमी नव्हतं. आहाराप्रमाणे कमी पडतात ती बी-12 सारखी जीवनसत्त्वं. डिंकाचे लाडू खा की, छान लागतात, पण त्याने प्रोटीन वाढणार नाही.

आता तक्ता. डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, जगभर दिलेल्या 1977 च्या अमेरिकन तक्त्यात दोन वर्षांखालची मापं ओहायोतल्या मुलांची, त्यातली बहुतेक बाटलीवरची. अंगावर पिणारी बाळं पहिले दोनतीन महिने जोरात वाढतात, मग मंदावतात आणि त्या तक्त्यावर बरोब्बर तिथेच 'कमी' दिसायची. शेवटी 1997 ते 2003 दरम्यान दिल्ली, अक्रा, ऑस्लो धरून सहा ठिकाणी अंगावर पिणारी बाळं मोजली आणि 2006 ला नवा तक्ता आला. लसीकरणाला मिळणाऱ्या सरकारी माता-बाल कार्डावर आता तोच असतो. त्यावरही रेष सलग खाली येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, वाटी बघू नका.