केस ‘बदलता येतात’ म्हणजे काय करावं लागतं?

अमेरिकेतल्या अलाबामात २०१० साली एका कृष्णवर्णीय तरुणीला विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली. होकार आला आणि मग अट आली: ड्रेडलॉक्स, म्हणजे जटांसारख्या वळलेल्या बटा, काढा. तिने नाही म्हटलं, नोकरी गेली. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्याच बाजूने कौल दिला. केसांचा पोत जन्मजात असतो, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. केशरचना मात्र बदलता येते, असा युक्तिवाद.

कागदावर हा भेद चोख दिसतो. डोक्यावर तो इतका सोपा नाही.

केस कुरळा होणार की सरळ, हे त्वचेखालीच ठरतं. रोमकूप वाकडा असेल तर केस पीळ घेतच बाहेर येतो आणि त्याचा छेद गोल नव्हे, चपटा असतो. टाळूचं तेल या वळणांवरून टोकापर्यंत नीट पोचत नाही. त्यामुळे केस कोरडा राहतो, विंचरताना तुटतो. घट्ट न ओढता घातलेल्या वेण्या किंवा ड्रेडलॉक्स यांत हौस असतेच; पण रोजच्या फणीपासून केस वाचतात, हेही खरं. शिवाय २०२३ साली तापवलेल्या पुतळ्यावर केसांचे टोप चढवून केलेल्या प्रयोगांत दाट कुरळ्या केसांनीच उन्हाची उष्णता सर्वांत चांगली अडवली.

हे केस कायमचे सरळ करायचे तर केराटिन या केसातल्या प्रथिनामधले गंधकाचे बंध तोडावे लागतात. त्यासाठीच्या अनेक मलमांत सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजेच तुंबलेल्या मोरीत ओततात तो कॉस्टिक सोडा. आधी टाळूला व्हॅसलीन चोपडायचं, मग मलम लावायचं आणि चरचरायला लागायच्या आत धुऊन टाकायचं. एवढं करूनही महिन्याला सेंटीमीटरभर नवा केस कुरळाच उगवतो, म्हणून दोनेक महिन्यांनी पुन्हा तेच.

अमेरिकेत ३३ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. केस सरळ करणारी उत्पादनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के निघालं, वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही; धोका मुळात कमीच. पण वापरणाऱ्यांत सुमारे ६० टक्के महिला कृष्णवर्णीय होत्या.

आणि ही उठाठेव कशासाठी? ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०२० च्या अभ्यासात, नैसर्गिक केस ठेवणाऱ्या कृष्णवर्णीय उमेदवार कमी ‘प्रोफेशनल’ ठरल्या. गंमत म्हणजे हा फरक सल्लागार कंपनीतल्या नोकरीसाठी दिसला, जाहिरात कंपनीसाठी नाही. मग तो कामाच्या गरजेपोटी आहे असं कसं म्हणायचं?

कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये ‘क्राउन’ कायदा केला. वंशाच्या व्याख्येतच त्याने केसांचा पोत आणि वेण्या, ड्रेडलॉक्ससारख्या रचना एकत्र घातल्या. पुढे इतर अनेक राज्यांनी तसंच केलं. देशभरासाठीचं विधेयक २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं.