कवळीखालचा लाल टाळू : संशयाचा शंभर वर्षांचा प्रवास

वरची कवळी लावणाऱ्या पुष्कळ वृद्धांच्या टाळूवर कवळीच्या आकाराबरहुकूम लाल चट्टा उमटलेला असतो. तो बहुधा दुखत नाही, त्यामुळे दंतवैद्याने कवळी काढून पाहीपर्यंत त्याचा पत्ताच लागत नाही. हा दोष कुणाच्या माथी मारायचा, याचा शोध दीर्घकाळ कवळी कशाची बनवली आहे एवढ्यापुरताच फिरत राहिला.

1846 साली बोस्टनमध्ये ईथरची भूल यशस्वी ठरली आणि सगळे दात काढून घेणे सुसह्य झाले. पुढच्या काही वर्षांत गुडइयर बंधूंचे कडक रबर हाती आल्यावर पाणघोड्याच्या दातांतून कोरलेल्या महागड्या कवळ्यांची जागा ठशाबरहुकूम बसणाऱ्या स्वस्त रबरी कवळ्यांनी घेतली. रबराला हिरडीचा रंग यावा म्हणून त्यात हिंगूळ मिसळत. हिंगुळात पारा असल्यामुळे टाळू लाल दिसताच संशय पाऱ्यावर गेला, आणि त्या काळी तो चुकीचा वाटण्याचे कारणही नव्हते.

1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात रबराच्या जागी अॅक्रिलिक हे प्लास्टिक आले. पारा गेला, चट्टे मात्र राहिले. मग अॅक्रिलिकच्या अॅलर्जीचे नाव घेतले जाऊ लागले. तशी अॅलर्जी होते, पण क्वचितच. शिवाय वरखाली साहित्य एकच असताना चट्टा बहुतेक वेळा वरच्याच कवळीखाली का दिसतो, याचे उत्तर तिच्यात मिळत नव्हते. ते उत्तर लाळेत होते: वरची कवळी टाळूला चिकटून बसते, तिथे लाळ खेळत नाही, आणि अॅक्रिलिकच्या सूक्ष्म छिद्रांत कॅन्डिडा ही बुरशी थर धरते. सैल कवळीचे घर्षण त्यात भर घालते.

1950 मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांनी शोधलेल्या निस्टॅटिनमुळे बुरशीवर औषध मिळाले, तरी ते थांबवल्यावर चट्टा पुन्हा उमटे, कारण बुरशीचा साठा कवळीवरच असे. त्यामुळे उपचाराचा भर हळूहळू गोळ्यांवरून सवयींवर आला: रात्री कवळी काढून पाण्यात ठेवणे आणि टूथपेस्टने चरे पडतात म्हणून ती साबण व मऊ ब्रशने घासणे. जपानमध्ये 85 वर्षांवरील वृद्धांच्या 2015 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत झोपेतही कवळी लावणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट आढळल्यापासून तर हा प्रश्न टाळूपुरताही उरलेला नाही.