भर उन्हात सोलर का थांबतं?

"छतावर सोलर आहे ना, मग लिफ्ट कशी बंद पडली?" मे महिन्यात भर दुपारी वीज गेली, तेव्हा घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत जो तो सेक्रेटरींना हेच विचारत होता. आपण फसवले गेलो, असं बऱ्याच जणांना वाटलं. खरं तर यंत्रणा चोख चालली होती.

पॅनलमधून डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज निघते; इन्व्हर्टर तिची एसी, म्हणजे लाटेसारखी दिशा बदलत राहणारी वीज करतो. पण ठेका त्याचा स्वतःचा नसतो. महावितरणच्या लाइनवर विजेची लाट सेकंदाला ५० आवर्तनं करते; ती शून्य कधी ओलांडते यावर नजर ठेवून इन्व्हर्टर आपली लाट तिच्याशी जुळवतो. भजनात टाळकरी पखवाजावर कान ठेवतात, तसं. पखवाज थांबला की टाळही थांबायला हवेत. नाहीतर आपल्या छतावरची वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरून हजारो व्होल्टची होईल, आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल.

पण लाइन गेली हे कळतं कसं? समजा, त्या क्षणी पॅनल जेवढी वीज देतात तेवढीच सोसायटी वापरते आहे. मग व्होल्टेज हलणारच नाही. म्हणून इन्व्हर्टर सतत फ्रिक्वेन्सीला, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांना, बारीकसा धक्का देत राहतो. ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं सगळं जाळं, अवाढव्य; ते ढिम्म हलत नाही. ज्या क्षणी फ्रिक्वेन्सी धक्क्यासरशी सरकू लागते, त्या क्षणी त्याला कळतं की आपण एकटे उरलो. साधारण दोन सेकंदांत तो बंद होतो. मला ही युक्ती विलक्षण सुंदर वाटते.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. तशा दिवशी उपयोग होतो तो बॅटरी, स्वतःचा ठेका धरू शकणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि सोसायटीला लाइनपासून तोडणारा स्विच यांचा. शेजारच्या इमारती अशा जोडल्या की मायक्रोग्रिड, म्हणजे स्वतःच्या बळावर चालणारं छोटं जाळं, होतं.

पॅनल आग्नेयेला तोंड करून लावा, ती अग्नीची दिशा, असा सल्लाही मिळतो. तो ऐकू नका. ठाणे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे पॅनल दक्षिणेकडेच कललेले हवेत. 'वीज आयुष्यभर फुकट' हेही खरं नाही. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते.

छतावरच्या सोलरसाठी केंद्र सरकारची जी पीएम सूर्यघर योजना आहे, तिच्यात सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. ते पॅनलच्या क्षमतेवर मिळतं, बॅटरीवर नाही. म्हणून बॅटरीवर एक लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे एवढंच घ्यावं. पंपाची मोटर थेट सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. तो झटका इन्व्हर्टर पेलेल का, हे कोटेशनमध्ये लिहून मागा.