पीएससीआरबी कोर्स: लाइफबोटीची जबाबदारी घेण्यासाठी पात्रता, कागदपत्रं आणि प्रवेश

बेसिक कोर्स झाले, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) हातात आली, पहिलं कॉन्ट्रॅक्टही पुरं झालं. पुढच्या जहाजासाठी एजंटकडे गेलात की तो विचारतो, ‘पीएससीआरबी आहे का?’ पुष्कळ मुलांना वाटतं, हे पीएसटीचंच (‘पर्सनल सर्व्हायव्हल टेक्निक्स’ या बेसिक कोर्सचंच) दुसरं नाव असावं. तो गैरसमज आधी काढून टाका. पीएसटीमध्ये तुम्ही स्वतःचा जीव वाचवायला शिकता: लाइफजॅकेट घालणं, उंचावरून पाण्यात उडी मारणं, तराफ्यात चढणं. पीएससीआरबी म्हणजे ‘प्रोफिशियन्सी इन सर्व्हायव्हल क्राफ्ट अँड रेस्क्यू बोट्स’. यात लाइफबोट किंवा लाइफराफ्टचा (जीवरक्षक तराफ्याचा) ताबा तुमच्याकडे येतो आणि आत बसलेल्या बाकी सगळ्यांचं काय होईल हे तुमच्या हुकमांवर ठरतं.

समुद्रावरच्या जीवितसुरक्षेसाठीच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या प्रकरणात तसा नियमच आहे. प्रत्येक सर्व्हायव्हल क्राफ्टवर (लाइफबोट किंवा लाइफराफ्टवर) एक डेक ऑफिसर किंवा प्रमाणपत्रधारक माणूस प्रमुख म्हणून नेमलेला असला पाहिजे. प्रवासी क्रूझवर बोटी इतक्या असतात की डेक ऑफिसर पुरत नाहीत. म्हणून केबिन, किचन आणि रेस्टॉरंटमध्ये काम करणाऱ्यांचीही नावं मस्टर लिस्टवर (आणीबाणीत कोणी कुठे जायचं, काय करायचं याच्या यादीवर) बोट नंबरापुढे लागतात. गोव्यातले तारवटी (जहाजावर नोकरी करणारे) आणि कोकणातून क्रूझवर जाणारी मुलं यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. हॉटेल डिपार्टमेंटला आहोत म्हणून हा कोर्स आपल्यासाठी नाही, असं समजू नका.

पात्रता

मूळ अटी खलाशांच्या प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रांच्या ‘एसटीसीडब्ल्यू’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियम सहा-दोनमधल्या आहेत आणि भारतात डीजी शिपिंग (केंद्र सरकारचं जहाजवाहतूक महासंचालनालय) त्याच लावते. वय किमान १८ वर्षं पूर्ण हवं. सी टाइम (जहाजावर केलेल्या नोकरीचा काळ) किमान १२ महिने हवा, किंवा मान्यताप्राप्त कोर्स केला असेल तर किमान ६ महिने. आपल्याकडे कोर्स करूनच प्रमाणपत्र घेतलं जातं, त्यामुळे व्यवहारात ६ महिन्यांची अट लागू होते. शिवाय पीएसटी झालेलं असावं.

फसगत होते ती या सी टाइमवर. ट्रेनिंग संपवून नुकताच बाहेर पडलेला मुलगा एकदम सगळे कोर्स उरकायला निघतो आणि घरचे कर्ज काढून पैसे भरतात. प्रवेश घ्यायच्या आधी संस्थेला सरळ विचारा: माझा सी टाइम इतका आहे, यावर तुम्ही प्रमाणपत्र द्याल का? उत्तर लेखी किंवा मेलवर घ्या. ‘बघू, होऊन जाईल’ असं म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नका.

कागदपत्रं

मूळ प्रती आणि झेरॉक्स दोन्ही घेऊन जा. इंडोस नंबर (खलाशांच्या राष्ट्रीय नोंदणीतला तुमचा क्रमांक) हा सगळ्याचा पाया आहे, कारण तुमचा प्रत्येक कोर्स त्याच नंबरावर नोंदला जातो. सीडीसी लागते ती साइन ऑन आणि साइन ऑफच्या (जहाजावर रुजू झाल्याच्या आणि उतरल्याच्या) शिक्क्यांच्या पानांसकट, कारण सी टाइमचा पहिला पुरावा तोच. पासपोर्ट, पीएसटीचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट साइज फोटो हवेत. डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त डॉक्टरचं मेडिकल फिटनेसही बहुतेक संस्था मागतात. कोर्समध्ये पाण्यात उतरायचं असतं, तेव्हा कान, दमा, रक्तदाब यांचा त्रास असेल तर लपवू नका.

परदेशी झेंड्याच्या क्रूझवर काम केलं असेल आणि सीडीसीत सगळ्या नोंदी नसतील, तर कंपनीच्या लेटरहेडवर सी सर्व्हिस लेटर घ्या. त्यात जहाजाचं नाव, आयएमओ नंबर (जहाजाचा ओळख क्रमांक), तुमची रँक आणि रुजू झाल्याची व उतरल्याची अशा दोन्ही तारखा असल्या पाहिजेत. जहाज सोडतानाच ते मागून घ्यावं. घरी आल्यावर मेल करत बसलात की आठवडे जातात.

प्रवेश कसा घ्यायचा

अर्ज डीजी शिपिंगकडे करायचा नसतो. थेट मान्यताप्राप्त संस्थेकडे नाव नोंदवायचं असतं. मान्यता संस्थेला सरसकट नसते, प्रत्येक कोर्सला वेगळी असते. एखाद्या संस्थेला बेसिक कोर्सची मान्यता असेल आणि पीएससीआरबीची नसेल, असं होऊ शकतं. म्हणून डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावरच्या यादीत संस्थेच्या नावासमोर हा कोर्स आहे ना, ते स्वतः पाहा. फी संस्थेनुसार बदलते. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

कोर्स साधारण पाच दिवसांचा असतो. हजेरी पूर्ण लागते आणि शेवटी लेखी व प्रात्यक्षिक दोन्ही परीक्षा होतात. हजेरीशिवाय प्रमाणपत्र देणारे दलालही बाजारात भेटतील. त्यांच्या नादी लागू नका, हे मी अगदी हात जोडून सांगतो. बनावट कागद पकडला गेला तर करिअर जातं, आणि पकडला गेला नाही तर त्या कागदावर भरवसा ठेवून माणसं तुमच्या बोटीत बसतात.

कोर्समध्ये काय असतं

सगळ्यात जास्त वेळ डेव्हिट (बोट खाली सोडायचा सांगाडा), फॉल (बोट पेलणारी वायर) आणि हुक यांवर जातो, आणि तसाच जायला हवा. लाइफबोटीचे बरेच अपघात खऱ्या आणीबाणीत नाही, ड्रिलमध्ये झालेले आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये ला पाल्मा बेटाच्या बंदरात ‘थॉमसन मॅजेस्टी’ या क्रूझवर ड्रिल चालू असताना लाइफबोटीची वायर तुटली. बोट उलटी होऊन पाण्यात पडली आणि पाच कर्मचारी गेले. वायर आतून गंजलेली होती. हुक नीट बसलाय का, इंटरलॉक (हुक चुकून सुटू नये म्हणून असलेला अडसर) जागेवर आहे का, वायरला ग्रीस फक्त वरवर चोपडलंय का, हे डोळ्यांनी आणि हातांनी तपासायची सवय याच कोर्समध्ये लागते.

दुसरा कस लागतो उलट्या पडलेल्या लाइफराफ्टवर. ओला, बुळबुळीत रबर, अंगात लाइफजॅकेट, आणि पकडायला फक्त राफ्टच्या तळाचा पट्टा. गॅसचा सिलिंडर ज्या बाजूला आहे ती बाजू वाऱ्याच्या पलीकडे, म्हणजे वारा जिकडे जातोय तिकडे वळवायची. सिलिंडरच्या कडेवर उभं राहायचं, पट्टा दोन्ही हातांनी धरायचा आणि अंग मागे झोकून द्यायचं. समोरची कड उचलली की वारा मदतीला येतो. राफ्ट अंगावर येतो तेव्हा घाबरून पालथं न होता पाठीवर राहून, तोंड वर ठेवून, सरकत बाहेर यायचं. पोहता येणारी मुलंही पहिल्यांदा इथे गडबडतात. पुन्हा करायची संधी मागा, लाजू नका.

मग येतं माणसांना सांभाळणं. लाइफराफ्टच्या पॅकमध्ये माणशी दीड लिटर पाणी असतं, लाइफबोटीत तीन. जखमी सोडून इतरांना पहिले २४ तास पाणी द्यायचं नाही. मळमळीच्या गोळ्या मात्र सुरुवातीलाच वाटायच्या, कारण उलट्यांनी शरीरातलं पाणी जातं. सी अँकर (बोट वाहून जाण्याचा वेग कमी करणारा पाण्यातला कापडी नांगर) कधी टाकायचा, पॅराशूट रॉकेट कधी उडवायचं आणि कधी जपून ठेवायचं, सार्ट (शोधणाऱ्या जहाजाच्या रडारवर दिसणारं यंत्र) आणि ईपर्ब (उपग्रहामार्फत संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र) कसे चालू करायचे, हे सगळं शिकवतात. मे २०२१ मध्ये ताउक्ते वादळात मुंबई हाय या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ जण होते आणि ७० हून अधिक परत आले नाहीत. वाचलेल्यांपैकी अनेकांनी लाइफजॅकेटच्या आधाराने खवळलेल्या पाण्यात कित्येक तास काढले. आपल्या किनाऱ्यापासून इतक्या जवळ हे घडलं, म्हणून पाण्यातल्या माणसांना एकत्र धरून ठेवण्याचा तास झोपेत घालवू नका.

रिफ्रेशर आणि पुढचा कोर्स

दर पाच वर्षांनी कौशल्य टिकून असल्याचा पुरावा द्यावा लागतो. काही भाग जहाजावरच्या ड्रिलमधून धरला जातो, पण सगळं जहाजावर होत नाही. त्यासाठी किनाऱ्यावर रिफ्रेशर करावा लागतो. मुदत कॉन्ट्रॅक्टच्या मधेच संपत असेल तर जॉइन व्हायच्या आधी करून घ्या. वेगवान रेस्क्यू बोटीचा कोर्स वेगळा आहे आणि त्याला आधी पीएससीआरबी असावंच लागतं. रो-रो (गाड्या थेट आत चढवता येणाऱ्या) प्रवासी जहाजांवर जायचं असेल तर त्याची चौकशी करा.

कोर्स संपल्यावर प्रमाणपत्रावरचं नाव, जन्मतारीख आणि इंडोस नंबर पासपोर्ट व सीडीसीशी तिथल्या तिथे पडताळा. काही दिवसांनी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर तुमच्या प्रोफाइलमध्ये कोर्सची नोंद दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर पावती आणि प्रमाणपत्राची प्रत घेऊन संस्थेकडे जा. नोंद चढवण्याचं काम त्यांचं आहे.