लोकर धनगराची, रंग रंगाऱ्याचा, सुया छावणीतल्या

डिसेंबर लागला की बेळगावात संध्याकाळी सहानंतर कानाला काहीतरी बांधावंसं वाटतं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे. ‘गरिबांचं महाबळेश्वर’ ही त्याची जुनी ओळख. या दिवसांत माझ्या ओळखीच्या चार-पाच घरांत एकच उद्योग चाललेला असतो. पांढऱ्या सुताची नाहीतर लोकरीची लड आणायची, मागच्या पडवीत डाळिंबाच्या सालीत, मंजिष्ठात (तांबडा रंग देणाऱ्या औषधी मुळात) किंवा पुडीच्या रंगात उकळायची, सावलीत वाळवायची आणि तिचं टोपडं, कानपट्टी, बटवा, केसांत लावायचं फूल असं हाताएवढं काहीतरी विणायचं. बघायला येणारा हमखास म्हणतो, “ही आपल्याकडची फार जुनी कला.”

ऐकून बरं वाटतं, पण ते खरं नाही. लोकर इथे जुनी आहे, रंग जुना आहे, सूत जुनं आहे आणि सुयांनाही आता शंभराहून जास्त वर्षं झाली. मात्र या चार गोष्टी चार वेगळ्या लोकांच्या हातात होत्या. एका घरात, एका बाईच्या हाताखाली त्या कधी आल्या नव्हत्या. त्या कशा आल्या, त्याची ही हकीकत.

आधी लोकर. या भागातली मेंढी दख्खनी, बहुतेक काळी. धनगर, म्हणजे कानडीत कुरुब, वर्षातून दोनदा तिची लोकर कातरतात. ती पिंजून कातायची आणि ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी विणायची, हे काम धनगरांचं आणि सनगरांचं. भिजलेली घोंगडी किती जड होते आणि वाळायला किती दिवस घेते, हे ज्यांनी पावसाळ्यात भोगलं, त्यांच्याच तोंडी ‘भिजत घोंगडं’ हा शब्द आधी आला असणार असं मला वाटतं. या सगळ्या कामात रंग मात्र कुठेच नाही. काळ्या लोकरीवर दुसरा रंग दिसत नाही, म्हणून मेंढीचा रंग तोच घोंगडीचा रंग. काळी, करडी, मधे एखादा पांढरा पट्टा. घोंगडीला बाहेरचा रंग लागतो तो जत्रेत. रायबाग तालुक्यात चिंचलीला मायाक्काची जत्रा भरते, तिथे भंडारा उधळला की काळ्या घोंगड्या पिवळ्या होऊन जातात. आणखी एक अडचण म्हणजे ही लोकर राठ असते. पाठीखाली अंथरायला, पावसात डोक्यावर घ्यायला तिच्यासारखी दुसरी नाही, पण तान्ह्या बाळाच्या कानाला ती टोचते. म्हणून घोंगडीच्या मुलखात राहूनही आमच्याकडे लोकरीचं टोपडं घोंगडीच्या लोकरीतून आलं नाही.

रंगाचं घराणं वेगळंच. भावसार समाजाला आजही कित्येक जण रंगारी म्हणूनच ओळखतात. हिंगलाज देवीला मानणारे हे लोक कापड रंगवण्या-छापण्यात पिढ्यान् पिढ्या होते. निळीचं काम करणारे ते निळारी. कानडीत रंगाला बण्ण म्हणतात, त्यावरून बण्णगार हे आडनाव आलं. एकाच गल्लीत रंगारी आणि बण्णगार दोन्ही आडनावं भेटतात. दोन भाषा, पण हात एकाच कुंडीत.

हे काम घरात का होत नव्हतं, याचं उत्तर त्या रंगांतच आहे. निळीचंच घ्या. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिला आंबवावं लागतं. रांजणात चुना, गूळ, टाकळ्याचं शिजवलेलं बी घालून ती दिवसचे दिवस जिवंत ठेवायची. वास असा की शेजारी भांडायला यावेत. सूत त्यात बुडवून वर काढलं की आधी पिवळट-हिरवं दिसतं आणि वारा लागताच डोळ्यांदेखत निळं होत जातं. गडद निळा हवा तर हेच पुन्हा पुन्हा करायचं. रांजण एकदा बिघडला की आतला सगळा माल गेला. एका साडीपुरतं कोण हे करणार?

तांबड्याचं काम त्याहून लांबणीचं. दख्खनच्या काळ्या जमिनीत आल नावाच्या झाडाची लागवड व्हायची. तीन-चार वर्षांचं झाड झालं की मुळं खणून काढायची, कारण रंग मुळांच्या सालीत. सुताला आधी तेल आणि खार चोळायचा, मग रंग धरून ठेवायला तुरटी, मग आल. यात आठवडे जायचे. विधवांना नेसायला लावत ते लाल आलवण या आलीचंच. एका झाडाचं नाव बायकांच्या दुःखाला असं चिकटून राहिलं की झाड गेल्यावरही शब्द उरला. माझ्या पणजीने आलवण नेसलेलं होतं असं घरात सांगतात. आज मंजिष्ठात बुडवलेली लड तांबडी होऊन वर येते तेव्हा मला तो शब्द आठवल्याशिवाय राहत नाही.

करडईचं फूल त्यामानाने जवळचं. अथणी, रायबाग, सौंदत्तीकडे रब्बीत करडई डोलते, कुसुंबी रंग तिच्याच पाकळ्यांचा. आधी पाण्याने पाकळ्यांतला पिवळा धुऊन काढायचा, मग खाराने आतला तांबडा सोडवायचा आणि लिंबाच्या रसाने तो सुतावर बसवायचा. रंग असा की नजर ठरत नाही, पण उन्हात आणि साबणात तो टिकतही नाही.

मग घरात काय रंगायचं? हळद. लग्नाचं कंकण, देवाचा धागा, व्रताचा दोरा घरच्या हळदीत पिवळा व्हायचा, अजूनही होतो. हळदीला तुरटी लागत नाही, ती थेट सुताला धरते. साबण लागला की लाल होते आणि उन्हात चार दिवसांत उडून जाते. हळदीची मोठी पेठ, सांगली, शेजारीच. तेव्हा ‘घरी सूत रंगवण्याची परंपरा’ म्हणायचीच असेल तर ती एवढ्या दोऱ्यापुरती होती.

घराला रंगाची खरी ओळख करून दिली ती रासायनिक रंगांनी. हे ऐकून नैसर्गिक रंगांवर प्रेम करणाऱ्यांना वाईट वाटेल, मलाही वाटलं होतं. १८५६ साली विल्यम पर्किन यांनी लंडनमध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला. आलीत आणि मंजिष्ठात जो तांबडा गुण असतो, त्याच जातीचं अ‍ॅलिझरिन हे रंगद्रव्य १८६८मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झालं आणि लगोलग बाजारात आलं. कारखान्यात बनलेली नीळ १८९७ला आली. पुढच्या काही दशकांत आलीची शेतं गेली, निळीचे रांजण फुटले. रंगाऱ्यांच्या पोरांनी कापडाची दुकानं काढली, शिवणकाम धरलं, नोकऱ्या धरल्या. ज्ञान कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. ते माणसांबरोबर गेलं.

पण त्याच रंगाची पुडी किराणा दुकानात काही पैशांना मिळू लागली आणि जे रंगाऱ्याकडेच होऊ शकत होतं ते चुलीवर होऊ लागलं. विटलेल्या साडीला नवा रंग द्यायचा तर पाणी उकळायचं, पुडी आणि मूठभर मीठ टाकायचं आणि काठीने ढवळत राहायचं. माझ्या लहानपणी आजी दिवाळीआधी हे करायची. तिचा आवाज अजून कानात आहे : “रंग उकळूलालाय, लांब ऱ्हा.” आज आम्ही घरी जे करतो त्याची खरी आजी ती पुडी आहे.

रंगाच्या या धंद्याला काळी बाजूही निघाली. ‘अ‍ॅझो’ जातीच्या काही रासायनिक रंगांमधून कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं सुटतात, हे कळल्यावर भारत सरकारने १९९७पर्यंत अशा ११२ रंगांवर बंदी घातली. बाळाच्या टोपड्याचा रंग निवडताना मी हे विसरत नाही.

आता सूत. गोकाकच्या धबधब्यावर १८८५ साली गिरणी कंपनी उभी राहिली आणि घटप्रभेच्या पाण्याच्या जोरावर तिथे सूत निघू लागलं. इकडे शहापूर, वडगाव, खासबागेत माग चालायचे. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं, इंग्रजांच्या बेळगावाला अगदी खेटून. शहापुरी साड्यांसाठी सुताच्या लडी दांडीवर टांगून रंगाच्या कुंडीत फिरवून रंगवत. कापड रंगवण्याआधी सूत रंगवायचं, ही सवय या गल्ल्यांमध्ये होती, पण ती धंद्याची होती.

सुताला घरात मान मिळाला तो १९२४च्या डिसेंबरात. टिळकवाडीच्या बाजूला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष झाले असं हे एकमेव अधिवेशन. स्वागताध्यक्ष होते बेळगावजवळच्या हुदली गावचे गंगाधरराव देशपांडे. या अधिवेशनाने सभासदत्वाच्या वर्गणीत पैशाऐवजी सूत आणलं. महिन्याला २,००० यार्ड, वर्षाला २४,००० यार्ड. स्वतः काता, नाहीतर दुसऱ्याकडून कातून घेऊन द्या. हा नियम पुढच्या वर्षीच सैल करावा लागला, पण चरखा ओसरीवर आला तो राहिला. गंगाधररावांनी हुदलीत खादीचं काम उभं केलं, १९३७मध्ये गांधीजी तिथे येऊन राहिले. खादीचं सूत पांढरंच राहिलं, त्यात रंगाची हौस नव्हती. तरी सूत हे बाजारातून आणायची वस्तू नसून हाताने करायची गोष्ट आहे, हे मध्यमवर्गीय घराला तेव्हा कळलं.

राहिल्या सुया. दोन सुयांवरचं विणकाम आपलं नाही, हे मान्य करायला मला काही कमीपणा वाटत नाही. तसं ते इंग्रजांचंही नाही. जगातले जुन्यात जुने विणलेले मोजे इजिप्तमध्ये सापडले, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातले. सुती धाग्याचे, निळे-पांढरे.

आमच्याकडे सुया आल्या दोन वाटांनी. १८१८ला इंग्रजांनी बेळगावचा किल्ला घेतला आणि मग छावणी वसली. छावणीबरोबर मडमा आल्या, त्यांच्या पिशव्यांतून सुया आणि लोकर आली. दुसरी वाट मिशनची. लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२०मध्ये बेळगावात आले. याच मिशनच्या मार्था मॉल्ट त्याच सुमारास दक्षिणेत नागरकोइलला मुलींना लेस करायला शिकवत होत्या. मुलींच्या शाळेत वाचनाबरोबर शिवण-टिपण हवंच, ही समजूत तिथूनच सगळीकडे गेली. क्रोशाची तोरणं, रेडिओवरचे रुमाल, पाण्याच्या तांब्यावरची मण्यांची झाकणी हे सगळं मराठी घरात इतकं मुरलं की ते परकं आहे असं कोणाच्या मनातही येत नाही.

फौजेने या विणकामाला कारण दिलं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२पासून बेळगावात आहे. मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, दुसऱ्यात इटलीच्या डोंगरांत लढल्या. सीमाभागात ज्या घरातलं कोणी फौजेत नाही असं घर शोधावं लागतं. १९६२च्या चीन युद्धात देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, माकडटोप्या विणल्या, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकाही विणत होत्या. माझी आत्या ‘सुलट दोन, उलट दोन’ तेव्हाच शिकली. मोज्याची टाच तिला शेवटपर्यंत वळवता आली नाही, म्हणून ती फक्त माकडटोप्या करायची.

त्यानंतरची तीस-चाळीस वर्षं खडे बाजारात लोकर म्हणून जो गुंडा मिळाला तो हळूहळू अ‍ॅक्रिलिकचा झाला. तो धुवायला सोपा, स्वस्त आणि कसरीला न भिणारा. पण तो रंगूनच येतो आणि घरच्या पातेल्यात त्यावर दुसरं काही चढत नाही. हिरडा, मंजिष्ठा, डाळिंब यांना धरायला त्यात जागाच नाही. त्याला वेगळ्या जातीचे रंग आणि जवळपास उकळतं पाणी लागतं. घरी रंगवायला निघालेल्या बाईची पहिली फजिती इथेच होते. माझीही झाली. दोन तास मंजिष्ठात उकळलेला गुंडा धुतल्यावर जसाच्या तसा पांढरा निघाला.

खरी लोकर असेल तर शंभर ग्रॅमला दहा ते पंधरा ग्रॅम तुरटी पुरते. सुती धाग्याला आधी हिरड्याचं पाणी पाजायचं आणि मग तुरटी, नाहीतर रंग पहिल्याच धुण्यात जातो. मंजिष्ठा खळाखळा उकळायची नाही, तांबडा विटकरी होतो. हिरडा, मंजिष्ठा, हिराकस (लोखंडाचा क्षार), तुरटी हे सगळं काष्ठौषधीच्या दुकानात एका कागदावर बांधून मिळतं. दुकानदार विचारतो, “काढ्याला काय?” पाण्याचंही लक्षात ठेवावं लागतं. पाण्यात लोह असेल तर डाळिंबाचा पिवळा मातकट हिरवा होतो. माझ्या माहेरी, खानापूरकडे जांभ्या मातीत, बोअरच्या पाण्यात मला तो स्वच्छ पिवळा कधीच मिळाला नाही. पावसाचं पाणी साठवलं तेव्हा मिळाला.

वस्तू छोट्याच का करायच्या, याचं कारणही पातेल्यात आहे. घरच्या पातेल्यात एका वेळी पन्नास-शंभर ग्रॅमची लड मोकळी फिरते, जास्त घातली तर रंग डागाडागाने बसतो. आणि दुसऱ्या खेपेला तीच छटा पुन्हा येत नाही. स्वेटरला पाच-सहाशे ग्रॅम लोकर लागते, तेवढी एका छटेची आणणार कुठून? दहा नंबरच्या सुयांवर एका लडीत एक टोपडं आणि उरलेल्यात दोन छोटे मोजे एवढंच होतं.

लडीला चार ठिकाणी सैल आठच्या आकड्यात दोरा बांधायचा, म्हणजे ती उकळताना गुंतत नाही आणि दोऱ्याखाली पांढरंही राहत नाही, हे मला वडगावच्या एका मावशींनी शिकवलं. त्यांच्या सासरी चार माग होते, आता एकही नाही. कुंडीत लडी फिरवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, पण विणायच्या सुया त्यांनी कधी हातात धरल्या नव्हत्या. मागच्या थंडीत त्या माझ्याकडे बसून सुलट टाका शिकल्या. फेब्रुवारीत त्यांच्या नातवाचं पहिलं टोपडं झालं, मंजिष्ठाचं. एका बाजूला दोन टाके कमी पडलेत. ते उसवून नीट करू का, असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे गं, रंग बघ कसा एकसारखा बसलाय.”