‘बोर्ड’च्या मुळाशी असलेली फळी

परीक्षा घेतं ते बोर्ड, दुकानावर लागतो तो बोर्ड, बटणं असतात तो स्विचबोर्ड, मुलं राहतात ते बोर्डिंग आणि विमानात चढताना दाखवायचा तो बोर्डिंग पास. या सगळ्यांना एकच शब्द कसा पुरला, हे समजायला आधी सुताराकडे जावं लागतं.

जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे लाकडाची फळी. ढालही फळ्यांचीच, म्हणून जुन्या काव्यात हा शब्द ढालीलाही वापरलेला सापडतो. गंमत म्हणजे संस्कृतातल्या ‘फलक’लाही फळी, ढाल आणि सोंगट्यांचा पट असे तिन्ही अर्थ आहेत.

अर्थांचा खरा पसारा वाढला तो जेवणाच्या दालनात. मध्ययुगीन युरोपात अनेक ठिकाणी कायमचं टेबल नसे. लाकडी घोड्यांवर, म्हणजे सुट्या टेकूंवर, फळ्या टाकायच्या, जेवणं उरकली की उचलून ठेवायच्या. त्यामुळे फळी म्हणजेच टेबल झालं, मग टेबलावरचं जेवण, आणि पुढे पैसे देऊन मिळणारं राहणं-जेवण. आपलं ‘बोर्डिंग’ इथलं. त्याच फळीभोवती कामकाजाला बसणारी मंडळीही बोर्ड ठरली. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर नजर ठेवण्यासाठी १७८४च्या कायद्याने ब्रिटनमध्ये स्थापन झालं ते ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’. फळीवरून सत्तेपर्यंत जाणं फक्त इंग्रजीलाच सुचलं असंही नाही; फारसीतून मराठीत आलेले ‘तक्ता’ (मुळात फळी) आणि ‘तख्त’ (सिंहासन) एकमेकांशेजारी ठेवून पाहा.

फळा, बुद्धिबळाचा पट, पुठ्ठा, संगणकातला मदरबोर्ड हे अर्थ सरळ आहेत. सपाट काही दिसलं की बोर्ड म्हणायचं, बस्स.

जहाजाचा बोर्ड मात्र वेगळ्या घरातला. जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळात, ‘कड, जहाजाची बाजू’ अशा अर्थाचा तसाच एक शब्द होता आणि तो फळीच्या शब्दात फार लवकर मिसळून गेला. ‘ऑन बोर्ड’ म्हणजे जहाजावर, तो याच्यामुळे. जहाजाच्या उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ म्हणतात, पण त्यात ताऱ्याचा काही संबंध नाही; मूळ शब्द ‘सुकाणूची बाजू’ असा. नॉर्वेत १९०४-०५ साली उत्खननात निघालेल्या व्हायकिंग काळातल्या ओसेबर्ग जहाजाचं सुकाणूचं वल्हं मागच्या टोकाला उजवीकडेच आहे. ते धक्क्यावर आपटू नये म्हणून जहाज डाव्या अंगाने लावत. डावी बाजू म्हणजे ‘लारबोर्ड’. पण वाऱ्यावादळात ओरडून दिलेल्या हुकमात स्टारबोर्ड आणि लारबोर्ड सारखेच ऐकू येणार! अखेर १८४४ साली ब्रिटिश नौदलाने लारबोर्ड रद्द करून ‘पोर्ट’ हा शब्द पक्का केला.

बोर्डिंग पास दाखवून आपण विमानात सहसा डाव्या दारानेच शिरतो. ती सवयही जहाजांकडूनच आली, असं मानतात.