हौशी रॉकेट : पॅराशूट उलगडण्याच्या पद्धती

हौशी रॉकेट पुन्हा उडवता यावे म्हणून त्याच्या नळीतील पॅराशूट उड्डाणाच्या शिखरबिंदूजवळ किंवा त्यानंतर ठरावीक उंचीवर बाहेर टाकण्याच्या पद्धती.

रॉकेटला पॅराशूट जोडण्याची कल्पना या छंदाहून जुनी आहे. शोभेच्या दारूकामात ती आधीपासून होती आणि अमेरिकी रॉकेट-संशोधक रॉबर्ट गॉडर्ड यांनी १७ जुलै १९२९ रोजी उडवलेल्या रॉकेटातही उपकरणांसोबत पॅराशूट होते. हौशी रॉकेटांपुरते श्रेय बहुधा अमेरिकेतील नॉर्फोक (नेब्रास्का) येथील ऑर्व्हिल कार्लाइल यांना दिले जाते. त्यांचे पादत्राणांचे दुकान होते आणि हौस दारूकामाची. भाऊ रॉबर्ट यांच्या व्याख्यानांत दाखवण्यासाठी त्यांनी सुमारे १९५४ मध्ये ‘रॉक-अ-शूट’ हे रॉकेट बनवले. त्याचे नमुने १९५७ मध्ये रॉकेट-अभियंते जी. हॅरी स्टाइन यांच्याकडे गेले. स्टाइन यांनी सुरक्षेचे नियम आणि प्रसार यांवर भर दिल्यामुळे काही लेखक त्यांनाच छंदाचे जनक मानतात. प्रसाराच्या बाबतीत ते ग्राह्य आहे. प्रस्तुत विषयात मात्र कार्लाइल यांचा (१९५८ चे अमेरिकी पेटंट) दावा अधिक सबळ वाटतो. कारण नावीन्य पॅराशूटमध्ये नव्हते. ते उघडणारी दारू बदलता येण्याजोग्या मोटरमध्येच बसवण्यात होते.

अशा मोटरमध्ये इंधन, विलंबक आणि क्षेपक दारू एकापुढे एक ठासलेली असते. मोटरवरील ‘सी६-५’ या खुणेतील अखेरचा आकडा विलंबाचे सेकंद सांगतो. इंधन संपल्यावर विलंबक धूर सोडत जळतो, तोवर रॉकेट वेगाच्या जोरावर वर चढते. मग क्षेपक दारूचा वायू नोज-कोन (रॉकेटचे निमुळते टोक) ढकलतो व पॅराशूट बाहेर पडते. दारू आणि पॅराशूट यांच्यामध्ये न पेटणाऱ्या कागदाचा बोळा घालतात. तो विसरला की प्लॅस्टिकचे पॅराशूट वितळून चिकटते. थंडीत घड्या सुटाव्यात म्हणून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरण्याचीही रीत आहे. विलंब चुकल्यास रॉकेट वेगात असतानाच पॅराशूट उघडते आणि त्याला नळीशी बांधणारी जोडदोरी पुठ्ठ्याची नळी उभी चिरत जाते. हौशी लोक याला ‘झिपर’ म्हणतात.

उंच जाणाऱ्या रॉकेटांत शिखरावरच मोठे पॅराशूट उघडले तर वारा ते फार दूर नेतो. म्हणून शिखरावर ‘ड्रोग’ हे छोटे पॅराशूट आणि साधारण १५० ते ३०० मी. उंचीवर मुख्य पॅराशूट, अशी दुहेरी योजना करतात. दोन्ही वेळा हवेच्या दाबावरून उंची ओळखणारा अल्टिमीटर विजेवर पेटणाऱ्या काडीने बंदुकीची दारू पेटवतो. त्याच्या कप्प्याला दाब समान करणारी छिद्रे लागतात. ध्वनिवेगाजवळ दाबाची नोंद फसवी येत असल्याने त्या टप्प्यात अल्टिमीटर तिच्याकडे दुर्लक्ष करतो. मुख्य पॅराशूटचा कप्पा अवेळी उघडू नये म्हणून त्याला नायलॉनच्या बारीक खिळी मारतात. दारू उडाली की त्या तुटतात. दारूचे प्रमाण जमिनीवरच चाचणी घेऊन ठरवतात.

फार उंचावरील विरळ हवेत मोकळी दारू नीट जळत नाही. तेथे ती घट्ट कोंडतात किंवा कार्बन डायऑक्साइडची कुपी फोडतात. अगदी हलक्या रॉकेटांना पॅराशूटऐवजी लांब फीतही पुरते. भारतात बंदुकीची दारू १८८४ च्या स्फोटक अधिनियमाच्या कक्षेत येते.